कपड्यांसकट पोहायला शिकणारी मुले

वाचकहो, तुमच्या गोठ्यात एच.एफ. जातीची काळी-पांढरी गाय असेल, तर एका परक्या देशाशी तुमचे नाते आधीच जडलेले आहे. या गाईचे मूळ घराणे हॉलंडच्या, म्हणजे नेदरलँड्सच्या, उत्तर भागातील फ्रिसलँडचे. फुलशेती, बटाटा, दूधधंदा आणि वाखेनिंगेनचे कृषी विद्यापीठ यांमुळे शेती शिकलेल्या माणसाला हा देश ओळखीचा असतो. आता तर आपल्या खेड्यांतली शिकलेली मुले नोकरीसाठी आइंटहोव्हेन, आम्स्टेलव्हेन, हेग अशा गावी बिऱ्हाडे करून राहू लागली आहेत. त्यांच्याबरोबर त्यांची लहान मुलेही तिथे वाढतात.

ही मुले तिथे गेली की डच भाषा शिकतात, सायकल शिकतात आणि तिसरी गोष्ट शिकतात ती पोहणे. ते कसे शिकवतात, इतक्या आग्रहाने का शिकवतात आणि त्यातून आपल्या घरी काय घेण्यासारखे आहे, हे आज तुम्हाला सांगायचे आहे. आपल्या शिवारातही आता विहिरींच्या जोडीला शेततळी आली आहेत, कालवे आले आहेत. पाणी आले त्याचा आनंद आहेच. पण पाण्याबरोबर आणखी काय दारी आले, त्याचाही विचार करायला हवा.

पाण्यात वसलेला देश

नेदरलँड्स हा देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. त्यातली सुमारे पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध घालायचा, आतले पाणी उपसून समुद्रात टाकायचे आणि उघडी पडलेली जमीन कसायची, हा उद्योग तिथले लोक शेकडो वर्षे करत आले. बेम्स्टर नावाचे सरोवर त्यांनी १६१२ साली पवनचक्क्यांनी उपसून शेतीखाली आणले. हार्लेमचे मोठे सरोवर १८५२ साली वाफेच्या पंपांनी कोरडे केले. आपली मुले ज्या स्किपोल विमानतळावर उतरतात, तो त्याच सरोवराच्या तळाशी आहे.

अशा जमिनीत पाणी सतत झिरपते. म्हणून प्रत्येक शेताला चर, चरातून ओढा, ओढ्यातून कालवा आणि कालव्यावर पंप अशी व्यवस्था आहे. आपल्याकडे दोन शेतांच्या मध्ये बांध असतो, तिथे पाण्याचा चर असतो. गाई दुसऱ्याच्या कुरणात जाऊ नयेत म्हणून तारेचे कुंपण घालण्याची बहुतेक ठिकाणी गरजच नाही, मध्ये चर असला की झाले. शहरातही घरापुढे रस्ता आणि रस्त्याला लागून पाणी. बऱ्याच ठिकाणी कठडाही नसतो.

या पाण्याने त्या देशाला पोसले आहे आणि रडवलेही आहे. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री वादळाने समुद्राचे बांध फोडले. त्या पुरात १,८३६ माणसे गेली. कितीतरी गावे आणि जनावरे पाण्याखाली गेली. त्यानंतर त्यांनी मोठमोठे बांध आणि दरवाजे उभारले. पण घराजवळच्या चराला कुठवर दरवाजे लावणार? तेव्हा चर बुजवता येत नाही, तर मूलच तयार करायचे, असा त्या लोकांनी विचार केला.

अ, ब, क अशा तीन परीक्षा

तिथे मूल साधारण चार-पाच वर्षांचे झाले की आईबाप त्याचे नाव पोहण्याच्या वर्गात घालतात. पूर्वी शाळेतून पोहणे शिकवण्यासाठी सरकार अनुदान देत असे. ते १९८५ साली बंद झाले. तेव्हापासून काही नगरपालिका आणि शाळा आपल्या खर्चाने शिकवतात, पण बहुतेक आईबाप स्वतः पैसे भरून मुलांना शिकवतात. आठवड्याला एखादा तास धरला, तर पहिल्या परीक्षेपर्यंत पोचायला वर्ष, दीड वर्षही लागते. खर्च काही शे युरो येतो. तरीही वर्गांना मुलांची रांग असते. ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी मदतीचे निधी आहेत.

परीक्षा तीन आहेत. त्यांना अ, ब आणि क म्हणूया. ही अ-ब-कची पद्धत १९९८ पासून चालू आहे आणि ती साऱ्या देशाला एकच आहे. तिन्ही पार केल्याशिवाय मूल पाण्यात निर्धास्त सोडण्याजोगे झाले, असे जाणकार मानत नाहीत.

या परीक्षांतली खरी मेख अशी की मुलाला कपड्यांसकट पोहावे लागते. पहिल्या परीक्षेला सदरा, विजार आणि पायात पादत्राणे. दुसऱ्या परीक्षेला लांब बाह्यांचा सदरा आणि लांब विजार. तिसऱ्या परीक्षेला त्यावर आणखी जाकीट. कारण साधे आहे. चरात पडणारे मूल पोहायचा पोशाख घालून पडत नाही. ते शाळेतून येताना, सायकल चालवताना, चेंडूमागे धावताना पडते. ओले कपडे अंगाला चिकटतात, हातपाय जड होतात आणि मूल घाबरते. ती घाबरण्याची वेळ आधीच एकदा, गुरुजींच्या देखत, येऊन गेलेली बरी.

दुसरी गंमत ताडपत्रीची. पाण्यात एक ताडपत्री उभी सोडतात. तिला भोक असते. मुलाने बुडी मारून, डोळे उघडे ठेवून, त्या भोकातून आरपार जायचे. पहिल्या परीक्षेला ३ मीटर अंतर, दुसरीला ६, तिसरीला ९. बर्फाखाली किंवा होडीखाली सापडलेल्या मुलाला उजेडाची वाट शोधता यावी, हा त्यामागचा हेतू समजायला वेळ लागत नाही.

मग पोशाख बदलून अंतर पोहायचे. पहिल्या परीक्षेला ५० मीटर पोटावर आणि ५० मीटर पाठीवर, शेवटच्या परीक्षेला दोन्ही १०० मीटर. पोटावर पोहताना बेडकासारखे पाय मारायचे. डच भाषेत या पोहण्याला नावच ‘शाळेचा हात’ अशा अर्थाचे आहे. यात वेग कमी, पण डोके वर राहते, दम पुरतो आणि काठ कुठे आहे ते दिसते. शिवाय पाण्यावर उताणे तरंगणे, उभ्याने पाय मारत एका जागी राहणे आणि शेवटी कोणाचा हात न धरता स्वतः काठावर चढून येणे. शिकवण्याचा सारा रोख शर्यत जिंकण्यावर नसून जिवंत बाहेर येण्यावर आहे.

परीक्षेचा दिवस घरच्या कार्यासारखा असतो. आजी-आजोबा फुले घेऊन येतात, मुलाला प्रशस्तिपत्र आणि बिल्ला मिळतो, घरी केक कापतात. आपल्याकडे मूल चौथीला पहिले आले तर पेढे वाटतात, तसेच.

एका कुटुंबाची गोष्ट

माझ्या परिचयातले सांगली जिल्ह्यातले एक कुटुंब आहे. बागायत शेती, घरी तीन विहिरी. तरी घरातल्या एकाही मुलाला पोहता येत नाही. का, तर घरातल्या आजींचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत गेला. तेव्हापासून आजींनी शपथच घातली. मुले विहिरीवर दिसली की काठी घेऊन मागे लागायच्या. असे घर तुमच्याही गावात असेल. जिथे पाण्याने एक जीव घेतला, तिथे पुढच्या दोन पिढ्यांना पाण्यापासून दूर ठेवतात. दुःख समजण्यासारखे आहे. पण विहीर काही बुजवलेली नसते आणि मुलाला तर पोहता येत नसते.

आजींचा मुलगा इंजिनीअर होऊन आइंटहोव्हेनला गेला. नातू पाच वर्षांचा झाला, तेव्हा शाळेतल्या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, “याला पोहता येते का?” नाही म्हटल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सूनबाईंनी वर्गात नाव घातले. ही बातमी फोनवर आजींना कळली, तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो.

“अगं, एवढंसं पोर, आणि त्या थंडीत कपड्यांसकट पाण्यात घालतीस? त्याला काय झालं तर?”

“आई, पाणी कोमट असतं. आणि घरापासून वीस पावलांवर चर आहे. ह्याला रोज तिथूनच जायचंय. मी किती दिवस हात धरणार?”

आजी त्या दिवशी बोलल्या नाहीत. पुढे दर आठवड्याला मात्र विचारू लागल्या, “आज काय शिकवलं?” मुलगा पहिले काही महिने रडला. भाषा कळत नव्हती, आईबाप काचेपलीकडे बसलेले. पण पाण्यात गुरुजी हाताने खूण करून दाखवत, बाकीची मुले करत, तसे हाही करू लागला. डच भाषेतले ‘उजवा’, ‘डावा’, ‘थांब’, ‘श्वास घे’ हे शब्द तो शाळेच्या आधी पाण्यातच शिकला. त्याचे पाहून त्याच्या वडिलांनीही, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मोठ्यांच्या वर्गात नाव घातले. तिथे मोठ्या माणसाने शिकायला जाण्यात कोणाला हसू येत नाही.

बाहेरून आलेल्या कुटुंबांतच पोहता न येणारी मुले जास्त असतात, हा तिथला अनुभव आहे. कारण ज्या आईबापांना स्वतः पाण्याची भीती, ते मुलाला घालताना कचरतात. म्हणून तुमचे कोणी परदेशी असेल आणि नातवंडांच्या पोहण्याविषयी विचारील, तर इथून भीती पाठवू नका. “घाल त्याला, आणि परीक्षा अर्धवट सोडू नकोस,” असे सांगा. तुमच्या शब्दाला तिथे अजून मान आहे.

“वर यायला शिडी कुठे आहे?”

तिथल्या शाळांना उन्हाळी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये असते. दोन परीक्षा पार करून तो मुलगा गावी आला तेव्हा आपला पाऊस चालू होता. मळ्यात नवे शेततळे झाले होते, प्लॅस्टिकचा कागद घातलेले, काठोकाठ भरलेले. आजोबांनी कौतुकाने नेऊन दाखवले. मुलगा काठापासून चार हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, “आजोबा, ह्यातनं वर यायला शिडी कुठे आहे?”

वाचकहो, हा प्रश्न तुम्ही आज तुमच्या शेततळ्यापाशी उभे राहून स्वतःला विचारा.

जुन्या विहिरीला पायऱ्या होत्या, कपारी होत्या, धरायला दगड होते. तिथे पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून, कमरेला दोर लावून, वडील माणसे मुलांना पोहायला शिकवीत. शेततळ्याचे तसे नाही. ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदीचे आणि ३ मीटर खोल तळे म्हणजे दहा फूट पाणी. वर उताराच्या बाजूंना गुळगुळीत कागद. त्यावर शेवाळ धरले की पाय ठरत नाही. चांगला पोहणारा गडीही काठाशी येऊन पुन्हा पुन्हा घसरतो, दमतो आणि जातो. त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि तोही तिथेच अडकतो. एकाच घरातली दोन-दोन माणसे अशी गेल्याच्या बातम्या तुम्ही दर उन्हाळ्यात वाचता.

म्हणून दोन गोष्टी जोडीने करायच्या. तळे सुरक्षित करायचे आणि मूल तयार करायचे. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

तळ्यासाठी काय कराल?

चारही बाजूंनी तारेचे कुंपण घाला आणि फाटकाला कुलूप लावा. लहान मूल कुंपण चढते, म्हणून जाळी उभी आणि ताणलेली हवी.

चारही बाजूंना जाड दोर तळापर्यंत सोडा. दर हातभर अंतरावर गाठ मारा. वरचे टोक पक्क्या खुंट्याला बांधा. गाठीचा दोर धरून ओल्या कागदावरूनही चढता येते. शक्य असेल तर दोरांची शिडी करून सोडा.

हवा भरलेली जुनी ट्यूब किंवा बूच घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, त्याला लांब दोर बांधून, काठावर कायम ठेवा. शेजारी एक लांब बांबू ठेवा. या वस्तू दुसऱ्या कामाला नेऊ नयेत, अशी घरात सक्त ताकीद द्या.

मोटार चालू करणे, फूटव्हॉल्व्ह साफ करणे या कामांना एकट्याने तळ्यात उतरू नका. काठावर दुसरा माणूस हवाच.

मुलासाठी काय कराल?

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला पोहणे येवो न येवो, पाण्याजवळ त्याच्यावर मोठ्या माणसाची नजर हवी. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. तोंड पाण्यात असताना हाक मारता येत नाही. ते मुकाट्याने जाते. आई भांगलणीत आणि मूल बांधावर, अशी वेळ असेल, तर चार घरांनी मिळून एका म्हातारीकडे मुले ठेवावीत. जागतिक आरोग्य संघटनाही लहान मुलांसाठी हाच उपाय आग्रहाने सांगते. या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांच्या आतली बालके होती.

सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला, आणि मुलीलाही, पोहायला शिकवा. मुलीला पोहण्याचे काय काम, असे म्हणू नका. धुणे धुवायला, पाणी भरायला, जनावरे पाजायला पाण्यावर कोण जाते, ते तुम्हीच पाहा.

आपल्या गावात पोहण्याचा तलाव नाही, ही अडचण खरी. पण बांगलादेशाच्या खेड्यांत तरी तलाव कुठे आहेत? तिथे गावच्या डबक्यात बांबूचा मचाण पाण्याखाली बांधतात, भोवती बांबूचे कठडे करतात आणि त्या कमरेएवढ्या पाण्यात गावातलीच शिकवून तयार केलेली तरुण माणसे मुलांना शिकवतात. आपल्याकडे पायऱ्यांची विहीर, गावतळ्याचा उथळ काठ अशा जागा निघतील. पाणी स्वच्छ आणि वाहते नसलेले असावे. प्लॅस्टिक कागदाच्या शेततळ्यात आणि वाहत्या कालव्यात कधीही शिकवू नका. शिकवणारा माणूस पट्टीचा पोहणारा असावा, एका वेळी त्याच्यापाशी थोडीच मुले असावीत आणि काठावर दोर घेऊन दुसरा माणूस उभा असावा.

शिकवताना क्रम डच लोकांचा ठेवा. आधी पाण्यात तोंड घालून श्वास सोडणे, मग उताणे तरंगणे, मग पाय मारणे, मग हात आणि शेवटी बाहेर चढणे. मुटके आणि सूर मारणे नंतर. मूल पुरते तयार झाले की एक दिवस त्याला शाळेच्या कपड्यांसकट पाण्यात उतरवा. त्या दिवशी त्याला किती येते ते तुम्हालाही कळेल आणि त्यालाही.

कोणी बुडताना दिसले तर

पहिली गोष्ट, उडी मारू नका. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो. आधी हाक मारून माणसे गोळा करा. बांबू पुढे करा. दोर, धोतर, लुगडे, ट्यूब, जे हाती येईल ते फेका. मुलांना हेच पाठ करवून घ्या, कारण मुलांसोबत बहुधा मुलेच असतात आणि मित्रासाठी उडी घेणारी तीच असतात.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर त्याला सपाट जमिनीवर उताणे निजवा. डोके मागे करा, नाक दाबा आणि तोंडाला तोंड लावून श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर तळहाताने जोरात आणि भरभर दाबा. ३० दाब आणि २ श्वास, असे न थांबता चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसात पाणी गेलेले असू शकते. हे तंत्र तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या.

सांगलीच्या त्या घरी आता तळ्याला चार दोर लागले आहेत. ते बांधायला नातवासोबत आजी स्वतः गेल्या होत्या. गाठी त्यांनीच मारल्या.

नेदरलँड्सचा शेतकरी आपल्यापेक्षा शूर नाही. मुले सर्वांना सारखीच प्यारी. फरक एवढाच की त्याने पाण्याशी शेजार धरला आणि शेजाऱ्याचा स्वभाव मुलांना लहानपणीच सांगून टाकला. आपल्याही शिवारात पाणी आता कायमचे राहायला आले आहे. कपाशीची लागण, उसाची तोड, मुलीचे लग्न यांच्या यादीत या वर्षी आणखी दोन कामे लिहा. एक तळ्याचे दोर आणि दुसरे मुलांचे पोहणे. दोराला एका दिवसाची मजुरीही लागणार नाही आणि पोहायला एक उन्हाळा पुरेल.